५०० बंद झाली, पण आपल्या गाड्या बंद पडायला नकोत: यूसीईवाल्यांचा धागा

पुशरॉड

नमस्कार मंडळी. बीएस ६ लागू व्हायच्या तोंडावर, मार्च २०२० अखेर, रॉयल एनफिल्डनं क्लासिक ५००, बुलेट ५०० आणि थंडरबर्ड ५०० तिन्ही बंद केल्या. निरोपाची म्हणून ट्रिब्यूट ब्लॅक काढली आणि विषय मिटवला. वाईट वाटलंच, पण तेव्हा ३५० मध्ये तेच यूसीई इंजिन (युनिट कन्स्ट्रक्शन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये) चालू होतं, त्यामुळे धीर होता. मग सप्टेंबर २०२१ मध्ये क्लासिक ३५० नव्या जे-इंजिनावर गेली, सप्टेंबर २०२३ मध्ये बुलेट ३५० पण गेली. ९० मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली धाव), पुशरॉडचं (कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्या) ते इंजिन शोरूमच्या नव्या गाडीत मिळणं तिथं संपलं.

नव्या गाड्यांना नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही. जे-इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, हाताला मुंग्या येत नाहीत, गळती कमी. पण ५०० चा तो ८४ मिलिमीटरचा पिस्टन, ४००० फेऱ्यांना ४१.३ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि चौथ्यात पन्नासला चाललेली गाडी गिअर न पाडता नुसत्या थ्रॉटलवर चढ ओढून नेते ते, हे दुसऱ्या कुठल्या ३५० मध्ये मिळत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती जपायची आहे.

इथं तीन गोष्टी लिहा. ५०० चेच म्हणून असलेले पार्ट कोणते. काय बिघडतं आणि का बिघडतं. आणि सोलापूरच्या उन्हात, धुळीत, आत्ताच्या पेट्रोलवर ती कशी टिकवायची. किस्से नकोत. पाने, मापं, क्रम लिहा.

भैय्याचौक

बंद का केली तेही नोंदवून ठेवू, कारण "खपत नव्हती" एवढंच लोक बोलतात. खप ३५० च्या मानानं कमी होता हे खरंच. पण मोठ्या बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) एअरकूल्ड इंजिनाला बीएस ६ च्या प्रदूषण नियमांत बसवायचं म्हणजे मिश्रण पातळ करावं लागतं, पातळ मिश्रणानं हेड आणखी तापतं, आणि तापलेल्या हेडमधून नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. एक दाबलं की दुसरं वर येतं. त्यावर खर्च करायचा तर विक्री हवी. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६५० च्या जुळ्या सिलिंडरच्या गाड्या आल्यावर वरची जागा त्यांनी घेतली, खालची ३५० कडे होतीच. मधल्या ५०० ला जागाच उरली नाही. ४९९ सीसीला २७.२ बीएचपी हा आकडा कागदावर छोटा दिसतो, आणि गिऱ्हाईक कागद बघून गाडी घेतं.

साडेतीनशे

५०० म्हणजे सगळ्या इएफआय (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या), हे धरूनच चाललेत ना सगळे?

पुशरॉड

नाही, चांगलं विचारलंत. क्लासिक ५०० आणि थंडरबर्ड ५०० इएफआय. बुलेट ५०० मात्र सुरुवातीला कार्बोरेटरची होती, इएफआय तिला बीएस ४ च्या वेळी मिळालं. म्हणून कुणाला सल्ला विचारताना नुसतं "माझी ५००" म्हणू नका, वर्ष आणि इएफआय की कार्बोरेटर तेही सांगा. निम्मी उत्तरं तिथं बदलतात.

होटगीरोड

पार्टचं मी लिहितो. हिशोब सोपा आहे. ३५० चा बोअर ७०, ५०० चा ८४, स्ट्रोक दोघांचा ९०. त्यामुळे बोअरशी ज्याचा संबंध येतो ते सगळं ५०० चं वेगळं: सिलिंडर, पिस्टन, रिंगा, हेड, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट. त्यात इएफआयचा कुटुंबकबिला वाढवा: थ्रॉटल बॉडी, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर), टाकीतला पंप, इंजेक्टर. ३५० ला बीएस ६ मध्ये इंजेक्शन आलं, पण तो ईसीयू ५०० ला चालायचा नाही, कारण मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, वेगळा.

चासीकडचं बघाल तर चित्र बरंच बरं आहे. क्लासिक ३५० आणि क्लासिक ५०० मध्ये फोर्क, पुढचा २८० मिलिमीटरचा डिस्क ब्रेक, हब, हेडलाइट, मडगार्ड, मागच्या हबातली धक्के झेलणारी कुश रबरं हे सगळं बहुतांशी एकमेकांचं आहे, आणि त्या ३५० रस्त्यावर लाखांनी आहेत. या पार्टांची चिंता पुढची कित्येक वर्षं करायची गरज नाही. गिअरबॉक्सचंही तसंच. पण "बहुतांशी" हा शब्द लक्षात ठेवा. दुकानदार "बसतंय मालक, न्या की" म्हणाला तरी पार्ट कॅटलॉगमधला नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. ड्रम आणि डिस्क, एबीएस आणि बिनएबीएस यांत मागचं हब, स्विंगआर्म, ॲक्सल बदलतात.

आता घेऊन काय ठेवायचं? एका गाडीमागं: हेड गॅस्केट दोन, इंजिनाचा पूर्ण गॅस्केट सेट एक, रिंग सेट एक, ऑइल फिल्टर ओ-रिंगसकट चार, क्लच केबल आणि थ्रॉटल केबल एकेक. बस. सिलिंडर-पिस्टन किट गाडी ५० हजार किलोमीटरच्या पुढं गेली असेल तरच. पंप, ईसीयू, थ्रॉटल पोझिशन सेन्सर हे सहा-सात गाड्यांच्या गटात मिळून एकेक पुरेत. एकट्यानं सगळं कपाटात भरून ठेवलं तर बाजारात माल उरत नाही, भाव चढतो, आणि ज्याची गाडी खरंच रस्त्यात उभी आहे त्याला मिळत नाही. हे मनापासून सांगतोय. आपल्याच लोकांची अडचण आपण करायची नाही.

इंग्लंड-अमेरिकेकडं ५०० हीच गाडी विकली जायची, नव्या इंजिनाची ३५० तिकडं २०२१ पासून गेली. त्यामुळे ५०० चा माल तिकडच्या विक्रेत्यांकडं अजून आहे. महाग पडतो, कस्टम भरावं लागतं, पण दार पूर्ण बंद नाही.

लईभारी_थंप

मालक, एक सांगा. सेल मारलं की मोटर नुसतीच गर्रर्र फिरालीय, इंजिन जागचं हलंना, किक मारली की मात्र पहिल्या किकला चालू, असं झालं तर नेमकं काय गेलं म्हणायचं? गॅरेजवाले सरळ मोटर बदला म्हणालेत.

जुळेसोलापूर

थांबा, मोटर बदलू नका. मोटर फिरतेय म्हणजे मोटर चांगली आहे. स्प्रॅग क्लच घसरतोय.

स्प्रॅग म्हणजे सेलच्या गिअर आणि क्रँकच्या मधला एकदिशा क्लच. मोटर फिरली की तो क्रँकला पकडतो, इंजिन चालू होऊन पुढं पळालं की आपोआप सुटतो. आतले छोटे तिरपे तुकडे सायकलच्या फ्रीव्हीलमधल्या घोड्यांसारखं काम करतात. या इंजिनाचा हा कच्चा दुवा आहे, आणि तो मरतो बहुतेक वेळा बॅटरीमुळे. बॅटरी कमजोर असली की मोटर क्रँकला सावकाश फिरवते. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या आधी ठिणगी पडते. फिरण्याचा जोर कमी असल्यामुळे पिस्टन वर जाऊन पलटत नाही, स्फोटानं तिथूनच उलटा ढकलला जातो. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरचा तो उलटा झटका सगळा स्प्रॅगवर. हातोडा मारल्यासारखा "खट्ट" आवाज येतो तो हाच. असे चार-पाच झटके बसले की तुकडे झिजतात किंवा पिंजऱ्यातून सुटतात.

म्हणून आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी १२.६ व्होल्ट हवेत. १२.४ च्या खाली असतील तर चार्ज करा, १२.२ ला सेलच्या बटणाला हात लावू नका, किक मारा. बटण दाबलेलं असताना १० च्या खाली घसरत असतील तर बॅटरी तरी गेली किंवा टर्मिनल सैल-गंजलेलं. इंजिनाला येणारी अर्थची वायर नक्की बघा, तिच्या बोल्टखाली रंग आणि गंज साचतो. मग गाडी चालू करून २५०० ते ३००० फेऱ्यांना १३.८ ते १४.४ मिळतात का ते बघा. मिळत नसतील तर चार्जिंगमधला रेग्युलेटर किंवा स्टेटर. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा स्प्रॅगही जाणार.

काम असं. ऑइल काढा, कारण या इंजिनात इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रायमरी सगळ्यांचं ऑइल एकच आहे. डावीकडचं कव्हर काढताना एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, जिथं बोल्ट तिथं भोक पाडा आणि निघालेला बोल्ट त्याच भोकात खोचत जा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे आहेत. लांब बोल्ट आखूड जागी कसला की केसिंगच तडकतं, आणि केसिंग हा आता मिळायला सगळ्यात अवघड पार्ट आहे. रोटर पुलरनंच काढा. हातोडा मारलात तर आतली चुंबकं तडकतात. स्टेटरच्या वायरी ओढल्या जाऊ देऊ नका.

स्प्रॅग बाहेर आला की ज्या गुळगुळीत गोल भागावर तो पकडतो त्यावरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे चरे पडलेत, मग तो भागही बदला. नुसता स्प्रॅग बदलला तर महिन्या-दोन महिन्यांत परत घसरतो, आणि लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. तुकडे गायब असतील तर ते खाली गेलेत: ड्रेन प्लगचं चुंबक आणि तळाची जाळी काढून साफ करा, सगळे तुकडे मोजून मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका. नवा बसवल्यावर कव्हर लावायच्या आधी हातानं फिरवून बघा. एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट धरला पाहिजे. उलटा बसवून कव्हर बंद केलं की सगळं परत उघडावं लागतं.

जुनं गॅस्केट लोखंडी पट्टीनं खरवडू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. ॲल्युमिनियमला चरा पडला की तिथून कायमचा थेंब सुरू.

लईभारी_थंप

लई उपकार दादा. आता बॅटरीपासून सुरू करतो.

पुशरॉड

जुळेसोलापूर यांनी सांगितलेल्यात एकच भर. एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेसर आहे. गाडी चालू होताना तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून कॉम्प्रेशन हलकं करतो, इंजिन वेगात आलं की बाजूला होतो. त्याची स्प्रिंग गेली किंवा तो अडकला की किक भिंतीवर पाय दिल्यासारखी लागते आणि मोटरवर भलताच ताण येतो. स्प्रॅग दोनदा गेला असेल तर उजवीकडचं टायमिंग कव्हर उघडून तो बघाच.

आणि रोजची सवय: चावी लावा, किल स्विच चालू करा, टाकीतून पंपाचा "झूंऽऽ" आवाज येऊन थांबू द्या, दोन-तीन सेकंद लागतात. मगच बटण. थ्रॉटल बंद. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, मध्ये पंधरा सेकंद थांबायचं.

कंबरतलाव

ऑइलबद्दल बोला कुणीतरी. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. १५डब्ल्यू५० पातळ पडतं, २०डब्ल्यू५० घाला असं पुष्कळजण सांगतात.

होटगीरोड

यात गैरसमज आहे, शांतपणे सांगतो. मागचा आकडा ५० म्हणजे तापलेल्या इंजिनातला दाटपणा. तो दोन्हीत सारखाच आहे. पुढचा आकडा गार असतानाचा. म्हणजे २०डब्ल्यू५० घातल्यानं उन्हात जास्त संरक्षण मिळत नाही. थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर ऑइल वर पोचायला उशीर होतो, एवढंच पदरी पडतं. यूसीईत हायड्रॉलिक लिफ्टर आहेत (ऑइलनं भरून व्हॉल्व्हची फट आपोआप मिटवणारे), त्यांना ऑइल लवकर पोचायला हवं. कंपनीनं १५डब्ल्यू५० सांगितलंय ते बरोबर आहे. डब्यावर जेएएसओ एमए (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवंच. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर प्लेटा घसरतात.

उन्हासाठी खरा उपाय म्हणजे ऑइल लवकर बदलणं. आपल्याकडच्या गावातल्या चालवण्याला मी ३५०० किलोमीटरच्या पुढं जाऊ देणार नाही. कोरड्या इंजिनाला २.७५ लिटर लागतं, पण ऑइल बदलताना सगळं कधीच निघत नाही, त्यामुळे सव्वादोन लिटरच्या आसपास बसतं. अख्खे पावणेतीन लिटर ओतलेत की जास्तीचं ब्रीदरच्या (इंजिनाची हवा सोडणाऱ्या) नळीतून एअरफिल्टरच्या डब्यात येतं, पेपर फिल्टर भिजतो, गाडी गुदमरते. दोन लिटर ओता, मग थोडं थोडं घालत उजवीकडच्या काचेत बघा. गाडी मधल्या स्टँडवर, तीन-चार मिनिटं चालवून बंद केलेली, आणि बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबलेली. काचेत पाऊण भरलेली दिसली की पुरे.

फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग कव्हरला चिकटून राहिली नाही ना ते बोटानं चाचपून बघा. दोन ओ-रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल दाबानं बाहेर फेकलं जातं. नवा फिल्टर बसवल्यावर किल स्विच बंद ठेवून आठ-दहा किक मारा, ऑइल वर चढू दे, मग चालू करा.

सात रस्त्याच्या सिग्नलला किंवा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर देवळाच्या बाजूला अडकलात तर इंजिन बंद करा. या इंजिनाला पंखा नाही, पाणी नाही, वारा हाच कूलंट. उभ्या गाडीला वारा नाही.

बाळे_टोलनाका

पुणे रस्त्याचं लिहितो, कारण चौपदरी झाल्यापासून ५०० तिथं जास्त मार खाते. अडीचशे किलोमीटर सलग ११० नं ताणायची ही गाडीच नव्हे. ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा वेग फेऱ्यांच्या मानानं फार जास्त, आणि तो सगळा ताण बिग एंड बेअरिंगवर (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं). बिग एंड गेलं की क्रँक पूर्ण उघडून पिन-बेअरिंग बदलून, क्रँक प्रेस करून, डायल गेजवर सरळ करून आणावी लागते. ते काम नीट करणारे हात मोजके राहिलेत.

८० ते ९० मध्ये ठेवा. मे महिन्यात टेंभुर्णी, भिगवण अशा दोन थांब्यांनी जा, प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं. टायरमध्ये एकट्याला पुढं २० मागं ३० पीएसआय, दोघं असाल तर २२ आणि ३२, हवा गार टायरवरच मोजा. चेनची ढिलाई २५ ते ३० मिलिमीटर, पण चाक फिरवून चेन सगळ्यात घट्ट जिथं लागते तिथं मोजायची. थ्रॉटल सोडला-धरला की मागून धक्का बसत असेल आणि चेन ठीक असेल तर कुश रबरं गेलीत. चाक काढा, हबातली सगळी रबरं एकदम बदला, दोन-तीन बदलून अर्धवट ठेवू नका.

मंगळवेढेकर

लिफ्टरबद्दल एक धोक्याची सूचना. हेडचं काम केल्यावर पुष्कळ ठिकाणी लगेच किक मारतात आणि पुशरॉड वाकतात. साध्या टॅपेटच्या गाड्यांवर हात बसलेल्यांकडून हे जास्त होतं.

का, तर उघडून ठेवलेल्या काळात लिफ्टर ऑइलनं भरून पूर्ण लांब झालेला असतो. हेड कसलं की पुशरॉड त्याला दाबतो, पण ऑइल बारीक फटीतून सावकाशच बाहेर पडतं. तोवर व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. त्याच वेळी क्रँक फिरवली तर पिस्टन-व्हॉल्व्हची गाठ पडू शकते.

बरोबर पद्धत: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, दोन्ही पुशरॉड जिथले तिथंच बसवा (काढतानाच चिकटपट्टीवर इनलेट-एक्झॉस्ट आणि वरचं टोक लिहून ठेवा), रॉकर तिरक्या क्रमानं थोडं थोडं कसा, आणि हात धुऊन चहा प्या. अर्धा-पाऊण तास लागला तरी लागू दे. दोन बोटांत धरून पुशरॉड गोल फिरला म्हणजे लिफ्टर बसला. फिरत नाही तोवर किकवर पाय ठेवायचा नाही. नंतर पहिली दोन-तीन मिनिटं टिकटिक येईल, ती जाते. गरम झाल्यावरही राहिली तर ऑइलची पातळी, मग ऑइलचा दर्जा, मग लिफ्टर, या क्रमानं बघा.

साडेतीनशे

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल? आपलाच जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल इथंच बनतं, पण जुन्या गाडीला ते सोसतं का?

होटगीरोड

ऊसवाल्याच्या पदरात चार पैसे पडतात, त्याला विरोध नाही. पण २०२० च्या आधीच्या गाड्या ई२० धरून बनवलेल्या नाहीत, तेव्हा काळजी आपण घ्यायची.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो, आणि इएफआयचा पंप तळातूनच ओढतो. आधी टाकीचा तळ गंजतो, मग गंजाची भुकटी पंपाच्या जाळीत, मग पंप तापून जातो. पंपाला गार ठेवणारं पेट्रोलच असतं, म्हणून टाकीत तीन लिटरच्या खाली जाऊ देऊ नका. रिझर्व्हवर फिरायची सवय ही या पंपाची सगळ्यात मोठी शत्रू. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवा कमी राहते. दोन महिन्यांच्या वर उभी ठेवूच नका, पंधरा दिवसांनी वीसेक किलोमीटर फिरवून आणा.

पेट्रोलचा पाइप दर वर्षी वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या की बदला, आणि इंजेक्शनचा म्हणून मिळणारा जाड पाइपच घ्या. साधा कार्बोरेटरचा पाइप दाबाखाली फुटतो, तोही तापलेल्या हेडशेजारी. क्लिपाही त्याच जातीच्या.

कार्बोरेटरवाल्या बुलेट ५०० ला फ्लोट निडल आणि ओ-रिंगा फुगतात, पेट्रोल वाहायला लागतं. किट बदला. प्लग पांढराफटक पडत असेल तर मिश्रण पातळ होतंय, मेन जेट एक पायरी मोठा घालून परत प्लग बघा. इएफआयला थोडंफार ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो. ॲव्हरेज मात्र पडणारच, इथेनॉलमध्ये लिटरमागं ताकदच पेट्रोलच्या दोन तृतीयांश.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर कुणालाही थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे स्क्रू हलवू देऊ नका. आधी दिव्याची लांब-आखूड उघडझाप मोजून कोड काढा. दहात निम्म्या वेळा कनेक्टरमध्ये धूळ किंवा पाणी असतं.

नवी_मेंबर_अक्कलकोटरोड

५३५ चा सिलिंडर-पिस्टन ५०० वर बसतो असं वाचलं. ५०० चं किट मिळेनासं झालं तर हा मार्ग चालेल का?

जुळेसोलापूर

ताई, कॉन्टिनेंटल जीटी ५३५ चा बोअर ८७, स्ट्रोक ९० च, म्हणून लोक करतात. पण ५०० चा ईसीयू ५०० एवढंच पेट्रोल देतो, त्यामुळे मिश्रण पातळ आणि हेड गरम. आपल्या हवेत ते फार घातक. शिवाय आरसीवर ४९९ सीसी लिहिलेलं असतं, आरटीओच्या परवानगीशिवाय क्षमता बदलणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमावाले तिथंच बोट ठेवतात. करू नका.

आधी असलेला सिलिंडर मोजून घ्या. बोअर गेजनं वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे सहा मापं. पुष्कळ वेळा सिलिंडर मर्यादेत असतो आणि नुसत्या रिंगांवर काम भागतं. धूर दिसला की किट, असं करायची गरज नाही. ऑइल जास्त भरल्यामुळेही धूर येतो.

भैय्याचौक

कागदांचं कुणी लिहिलं नाही. क्लासिक ५०० आपल्याकडं २००९ अखेरीस आली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांची १५ वर्षं भरली आहेत. आरसी संपायच्या आधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा, पुढं पाच वर्षांची मुदत मिळते. गाडी तपासणीला न्यावी लागते. विमा आणि पीयूसी चालू हवं, उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली हवी, सायलेन्सर मूळचा हवा. जुना सायलेन्सर भंगारात दिला असेल तर आत्ताच शोधायला लागा. आणि केसिंग बदलायची वेळ आली तर बिल जपून ठेवा आणि इंजिन नंबरची नोंद आरटीओत करून घ्या, नाहीतर पुढं गाडी नावावर करताना अडते.

पुशरॉड

फार मोलाचं जमलंय. घेतलेले पार्ट ठेवायचे कसे तेवढं लिहितो. पत्र्याच्या शेडमध्ये काही ठेवू नका, उन्हाळ्यात तिथं रबर वर्षात कडक होतं. ऑइल सील, ओ-रिंगा, कुश रबरं टाल्कम पावडर लावून बंद पिशवीत, घरातल्या अंधाऱ्या कपाटात. गॅस्केट सपाट, पुठ्ठ्यांच्या मध्ये. खिळ्याला लटकवले की वाकतात. बेअरिंगचा कागद काढू नका. रिंगांना ऑइलचा हात देऊन कागदात. बॅटरी साठवायचीच नाही, लागेल तेव्हा ताजी. प्रत्येक पाकिटावर घेतल्याची तारीख लिहा.

होटगीरोड यांनी सांगितलेला गट करू. त्यासाठी नाव-पत्ता इथं टाकू नका. फक्त मॉडेल, वर्ष, आणि इएफआय की कार्बोरेटर. त्यावरून कोणते पार्ट किती लागतील ते ठरवता येईल. माझी: क्लासिक, २०१४, इएफआय.

लईभारी_थंप

क्लासिक डेझर्ट स्टॉर्म, २०१३, इएफआय.

मंगळवेढेकर

बुलेट ५००, २०१३, कार्बोरेटर. पंप-ईसीयूत माझा उपयोग नाही, पण गॅस्केट आणि रिंगांत धरा. रोटर पुलर माझ्याकडं आहे, कुणालाही न्यायला हरकत नाही, परत आणून द्यायचा.

बाळे_टोलनाका

थंडरबर्ड ५००, २०१६, इएफआय. टाकी २० लिटरची आहे, पंप मागवताना क्लासिकचा नंबर देऊ नका, माझा वेगळा बघावा लागेल. कॅटलॉग काढून उद्या नंबर टाकतो.